पॅसिफिक कोस्ट लीग: कागदावर मायनर, पश्चिम किनाऱ्यावर सर्वस्व

सॅक्रामेंटोकर

मंडळी, बेसबॉलचे धागे इथे अधूनमधून निघतात पण गाडी दरवेळी यांकीज, डॉजर्स आणि वर्ल्ड सिरीजवरच येऊन थांबते. मायनर लीग म्हणजे पोरं तयार करून वर पाठवायची जागा, एवढीच तिची ओळख. म्हणून आज पॅसिफिक कोस्ट लीगबद्दल (पुढे पीसीएल म्हणतो) जरा ऐसपैस लिहितोय, कारण ही लीग पन्नास-पंचावन्न वर्षं कुणाच्या दावणीला बांधलेली नव्हती, पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसासाठी बेसबॉल म्हणजे हीच.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. १९५४ पर्यंत मेजर लीगची (म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगची) सगळ्यात पश्चिमेकडची टीम सेंट लुइसला, मिसिसिपीच्या काठावर. तिथून पुढे पॅसिफिक समुद्रापर्यंत अर्धा देश आहे आणि त्यात मेजरची एकही टीम नाही. टीमा रेल्वेने फिरायच्या, लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जायचं तर दिवसच्या दिवस गाडीत जायचे, मग मॅच खेळणार कधी? तर १९०३ साली सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सॅक्रामेंटो, लॉस एंजेलिस ही कॅलिफोर्नियातली चार शहरं आणि वरची पोर्टलंड आणि सिअॅटल अशा सहा टीमांनी आपली वेगळी चूल मांडली. पहिल्याच वर्षी लॉस एंजेलिस जिंकलं. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को सील्सचं मैदान गेलं, शहर जळालं, तरी लीग बंद पडली नाही, सील्स खाडीपलीकडे ओकलंडच्या आयडोरा पार्कात जाऊन खेळले.

आता यातली खरी मजा. कॅलिफोर्नियात बर्फ नाही, त्यामुळे सिझन मार्चअखेरीस सुरू व्हायचा तो थेट नोव्हेंबरपर्यंत. १९०५ मध्ये सील्स २३० मॅच खेळले, मेजरवाले तेव्हा दीडशेच्या आसपास खेळायचे आणि आज १६२ खेळतात. प्रवास लांबचा म्हणून एक टीम एका गावात आली की आठवडाभर मुक्काम, सोमवारी प्रवास, मंगळवारपासून मॅच, रविवारी दोन मॅच लागोपाठ, एकूण सात. पाहुण्या टीमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) कुठे चुकतो हे गावातल्या पोरांना बुधवारपर्यंत पाठ झालेलं असायचं! आणि पगार महिन्यावर, म्हणजे सिझन जेवढा लांब तेवढे पैसे जास्त. हवा चांगली, घर जवळ, पैसा बरा, त्यामुळे वरून बोलावणं आलं तरी नको म्हणणारे खेळाडू होते, आणि वर खेळून आलेले लोक करिअरची शेवटची पाचसात वर्षं इथे आनंदाने काढायचे.

जाता जाता फ्रँक शेलेनबॅकचं सांगतो, कारण या माणसाबद्दल मला फार वाटतं. १९२० मध्ये चेंडूला थुंकी लावून टाकायच्या स्पिटबॉलवर बंदी आली. आधीपासून तो टाकणाऱ्या ठरावीक पिचर्सना सूट मिळाली, पण मेजरमध्ये ज्यांची नावं होती त्यांनाच. शेलेनबॅक नेमका तेव्हा खाली मायनरमध्ये होता. झालं, वरचा रस्ता कायमचा बंद. पीसीएलमध्ये मात्र त्याला परवानगी होती, तर तो इथेच राहिला आणि २९५ मॅच जिंकला. लीगचा विक्रम आहे तो, कुणी मोडलेला नाही. एका यादीत नाव नाही म्हणून देशातला इतका मोठा पिचर जन्मभर 'मायनर' म्हणवला गेला.

रानजाई

मस्त सुरुवात. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला मजा आली. एक शंका, हे आपल्या रणजीसारखं म्हणायचं का? म्हणजे खालची पायरी पण दर्जा चांगला?

सॅक्रामेंटोकर

@रानजाई, अर्धं तसं. रणजी खेळणाऱ्याच्या डोक्यावर टेस्ट टीम असते आणि ती त्याच्याच देशाची, त्याच्याच शहरात येऊन वानखेडेवर खेळणारी. कल्पना करा की टेस्ट फक्त कलकत्त्यापलीकडे होतात, मुंबईकराने आयुष्यात एकही बघितलेली नाही, पेपरात स्कोअर येतो तेवढाच. मग त्या मुंबईकरासाठी रणजी ही खालची पायरी राहील का? तेच सगळं क्रिकेट होईल. सॅन फ्रान्सिस्कोत तेच झालं होतं.

दुसरा फरक पैशाचा. पीसीएलच्या बहुतेक टीमा स्वतंत्र मालकांच्या होत्या. पोरगा गल्लीतून उचलायचा, दोन-तीन वर्षं खेळवायचा, तिकिटं खपवायची आणि मग तो मेजरला चांगल्या किमतीला विकायचा, यावर टीम चालायची. जो डिमॅजिओचंच घ्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या इटालियन कोळ्याचा मुलगा, बापाला वाटायचं पोराने होडीवर यावं. तीन भाऊ, विन्स, जो आणि डॉम, तिघंही सील्सकडून खेळले. १९३३ मध्ये जो अठरा वर्षांचा असताना लागोपाठ ६१ मॅचमध्ये त्याने किमान एक हिट मारली (म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठला). यांकीजकडून १९४१ मध्ये केलेला ५६ मॅचचा विक्रम सगळ्या जगाला माहितेय, पण त्याच्या आठ वर्षं आधी घरच्या मैदानावर हा ६१ चा झालेला होता! पुढच्या वर्षी गुडघा दुखावला, सगळे गिऱ्हाईक मागे सरले, यांकीजनी मात्र २५ हजार डॉलर आणि वर पाच खेळाडू देऊन घेतला, तेही तो १९३५ चा सिझन सील्सकडेच खेळेल या बोलीवर. त्या सिझनला त्याची सरासरी .३९८. बेसबॉलमध्ये .३०० म्हणजे उत्तम समजतात, त्यावरून अंदाज करा.

टोनी लाझेरीही सॅन फ्रान्सिस्कोचाच. १९२५ मध्ये सॉल्ट लेक सिटीकडून १९७ मॅचमध्ये ६० होमरन (आपल्या सिक्सरसारखा, चेंडू थेट कुंपणापलीकडे). सॉल्ट लेक चार हजार फुटांच्या वर आहे, हवा विरळ, चेंडू लांब जातो, ते खरंय. पण यांकीजच्या सुप्रसिद्ध बेब रूथने ६० मारले ते १९२७ ला, याच्या दोन वर्षांनंतर.

आणि पुढे मेजरमधला महान बॅटर ठरलेला टेड विल्यम्स सॅन डिएगोचा, घराजवळच्या शाळेतला पोरगा, १९३६ मध्ये सतरा वर्षांचा असताना सॅन डिएगो पाद्रेसमध्ये आला. तेव्हा मॅनेजर कोण, तर वर सांगितलेला फ्रँक शेलेनबॅक!

निळी_शाई

एलए (लॉस एंजेलिस) मध्ये राहते त्यामुळे हॉलिवूड स्टार्स या पीसीएलच्या टीमबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. १९३८ ला सॅन फ्रान्सिस्कोची मिशन्स ही टीम इकडे आली आणि स्टार्स झाली, मालकांमध्ये बॉब कॉब, ब्राउन डर्बी रेस्टॉरंटवाला, ज्याच्या नावाचं कॉब सॅलड आज प्रत्येक मेन्यूवर असतं तो हाच. त्याने सिनेमावाल्यांना थोडेथोडे शेअर विकले, गॅरी कूपर, बिंग क्रॉस्बी, बार्बरा स्टॅनविक, सेसिल डिमिल सगळे भागीदार. गिलमोर फील्ड नावाचं छोटंसं मैदान होतं, प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ की बेसवर उभ्या असलेल्याशी गप्पा मारता याव्यात. आता तिथे टेलिव्हिजन सिटीचे स्टुडिओ आहेत, मी कित्येकदा तिथून गेलेय आणि दरवेळी वाटतं की इथे होमप्लेट कुठे असेल.

१९५० मध्ये स्टार्स चक्क हाफ पँट घालून मैदानात उतरले होते, मॅनेजर फ्रेड हेनीचं म्हणणं की हलके कपडे, जास्त वेग. सगळ्यांना तमाशा वाटला पण त्याने ते मनापासून केलं होतं. थंडीच्या रात्री आणि घसरताना सोलवटणारे गुडघे यामुळे ते फार काळ टिकलं नाही.

शहरातली दुसरी टीम एंजल्स, त्यांचं मैदान रिगली फील्ड. हे एलएचं रिगली फील्ड १९२५ चं आहे, शिकागोच्या मैदानाला ते नाव मिळालं १९२६ ला, म्हणजे नाव आधी आमच्याकडे लागलं. एंजल्स आणि स्टार्स यांच्यात विस्तव जात नसे. ऑगस्ट १९५३ मधल्या एका मॅचला अशी मारामारी झाली की ती टीव्हीवर चाललेली बघून खुद्द पोलीस प्रमुखाने घरून फोन करून शिपायांची कुमक पाठवली आणि उरलेल्या मॅचला दोन्ही टीमांचे राखीव खेळाडू बाहेर, बाकांवर पोलीस, असा बंदोबस्त होता.

ठाणे_लोकल

+१, हा धागा वाचनखुणांत टाकला. १९३४ च्या एंजल्सबद्दल कुणी लिहा की, मायनरमधली सगळ्यात भारी टीम म्हणतात.

सॅक्रामेंटोकर

@ठाणे_लोकल हो, १३७ विजय आणि ५० पराभव. सिझन दोन भागांत वाटलेला होता, दोन्ही भाग त्यांनीच जिंकले, आता फायनल कुणाशी खेळायची? शेवटी बाकीच्या सगळ्या टीमांमधले निवडक खेळाडू घेऊन एक टीम केली आणि तिच्याविरुद्ध सिरीज खेळवली. तीही एंजल्सनीच जिंकली.

कुंपणापलीकडे

लेख छान पण एक बाजू यायला हवी, ती म्हणजे हे सगळं 'आपल्या गावची पोरं' प्रकरण फक्त गोऱ्या पोरांसाठी होतं.

जिमी क्लॅक्स्टन. कॅनडात जन्मलेला, टॅकोमाकडे वाढलेला मिश्र वंशाचा डावखुरा पिचर. मे १९१६ मध्ये ओकलंडने त्याला घेतलं ते नेटिव्ह अमेरिकन आहे असं सांगून, कारण त्यांना चालायचं, काळ्या माणसाला नाही. २८ मे च्या रविवारी दोन्ही मॅचमध्ये थोडा थोडा वेळ त्याने बॉलिंग टाकली. आठवड्याच्या आत काढून टाकलं, त्याच्या वंशाबद्दल कुणीतरी क्लबला सांगितलं होतं. पण तेवढ्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मिठाई कंपनीचा फोटोग्राफर टीमचे फोटो काढायला आलेला होता. ही कंपनी झीनट नावाचा खाऊ विकायची, पाकिटात खेळाडूचं कार्ड. क्लॅक्स्टनचंही कार्ड छापलं गेलं. लांबट, तपकिरी कार्ड, त्यावर चेंडू टाकायच्या पवित्र्यातला तरणाबांड माणूस. अमेरिकन बेसबॉल कार्डावर आलेला तो पहिला काळा खेळाडू मानतात, आणि त्या लीगमध्ये तो दोनच मॅच खेळलेला!

त्यानंतर बत्तीस वर्षं कुणीही नाही. १९४८ ला सॅन डिएगो पाद्रेसने जॉन रिचीला घेतलं, तोही सॅन डिएगोचाच पोरगा, कॅचर. शाळकरी वयात गावच्या टीमबरोबर राष्ट्रीय फायनलसाठी दक्षिणेत गेला तेव्हा रंगामुळे त्याला मैदानात उतरू दिलं नव्हतं. १९४७ मध्ये निग्रो अमेरिकन लीगमध्ये (काळ्या खेळाडूंची वेगळी लीग) तो सर्वोत्तम बॅटर ठरला आणि पाद्रेसमध्ये पहिल्या वर्षी .३२३ मारलं. मेजरमधला वर्णभेद मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनवर पुस्तकांचे ढीग आहेत, आणि ते असायलाच हवेत, पण रिचीचं नाव सॅन डिएगोतल्याही फार कमी लोकांना ठाऊक आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सॅक्रामेंटोकर

@कुंपणापलीकडे, फार महत्त्वाचा प्रतिसाद, धन्यवाद. त्यात एक भर, १९४९ मध्ये ओकलंडने आर्टी विल्सनला घेतलं आणि त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक सरासरी त्याचीच, .३४८. प्रवासात त्याच्याबरोबर एका खोलीत राहायला तयार झाला तो बर्कलीचा बिली मार्टिन, जो पुढे यांकीजचा वादग्रस्त मॅनेजर म्हणून गाजला.

ठाणे_लोकल

मग एवढं सगळं होतं, गर्दी होती, खेळाडू होते, तर ही लीग मेजर झाली का नाही? कुठे माशी शिंकली?

सॅक्रामेंटोकर

हाच तर या धाग्याचा गाभा आहे, जरा सविस्तर सांगतो.

पहिली ठिणगी १९४१ ची. मेजरमधल्या सेंट लुइस ब्राउन्सचा मालक टीम लॉस एंजेलिसला हलवायला निघाला होता, सगळं जवळपास ठरलेलं आणि मेजरच्या मालकांसमोर विषय यायचा होता ८ डिसेंबरला. ७ डिसेंबरला पर्ल हार्बर. प्रकरण तिथेच गारद.

महायुद्ध संपलं आणि पीसीएलला सोन्याचे दिवस आले. बंदरं, विमान कारखाने, यांच्यामुळे पश्चिम किनाऱ्याची लोकसंख्या फुगलेली, हातात पैसा. १९४६ मध्ये एकट्या सील्सच्या मॅचना ६ लाख ७० हजारांवर लोक आले, मायनर लीगमधला हा विक्रम १९८२ पर्यंत टिकला. सील्स स्टेडियम सोळाव्या रस्त्याच्या आणि ब्रायंटच्या कोपऱ्यावर, शेजारी बिअरची ब्रूअरी, पुढे तिच्या छपरावर दिव्यांचा एक अवाढव्य ग्लास लावला होता जो रात्री भरत जायचा आणि रिकामा व्हायचा, प्रेक्षकांना सीटवरून दिसायचा. मालक पॉल फेगन हा श्रीमंत आणि हौशी माणूस, त्याने सगळं मेजरच्या तोडीचं करायचं ठरवलं, पगारसुद्धा. त्यानेच १९५० मध्ये टरफलं झाडायचा खर्च परवडत नाही म्हणून शेंगदाणे विकायला बंदी केली आणि लोक असे खवळले की लगेच मागे घ्यावी लागली!

तर पीसीएलचे अध्यक्ष क्लॅरेन्स रोलंड यांनी आम्हाला तिसरी मेजर लीग करा म्हणून अर्ज केले. मेजरवाले गोड बोलायचे आणि दर वेळी टोलवायचे. सगळ्यात मोठी तक्रार ड्राफ्टची होती, वरची टीम ठरावीक रक्कम टाकून यांचा तयार खेळाडू उचलून न्यायची, बाजारभाव काही का असेना. जी लीग खेळाडू विकून जगते तिच्यासाठी हे म्हणजे दरोडाच. शेवटी १९५२ मध्ये 'ओपन' नावाचा एक खास दर्जा दिला, ट्रिपल-एच्या (मायनरमधली सगळ्यात वरची पायरी) वर आणि मेजरच्या खाली, ड्राफ्टवर थोडी बंधनं आली. हा दर्जा आजवर फक्त याच लीगला मिळालाय. पुढची पायरी मेजर, असं सगळे धरून चालले होते.

आणि मग १९५७. ब्रुकलिन डॉजर्सच्या वॉल्टर ओ'मॅलीने फेब्रुवारीत लॉस एंजेलिस एंजल्स आणि रिगली फील्ड विकत घेतलं, म्हणजे त्या शहराचे हक्कच खिशात घातले. न्यूयॉर्क जायंट्सनी सॅन फ्रान्सिस्को धरलं. सीझन संपल्यावर एका फटक्यात एंजल्स स्पोकेनला, स्टार्स सॉल्ट लेकला, सील्स फीनिक्सला. नुकसानभरपाई म्हणून लीगला ९ लाख डॉलर. पंचावन्न वर्षांच्या लीगची किंमत! गंमत नाही पण सील्स त्या शेवटच्या वर्षी विजेते होते. १५ एप्रिल १९५८ ला त्याच सील्स स्टेडियममध्ये जायंट्स आणि डॉजर्सची पहिली मॅच झाली, जायंट्स ८-० जिंकले, आणि पुढच्या वर्षअखेरीस ते स्टेडियमही पाडायला घेतलं. आता तिथे दुकानं आहेत.

पोर्टलंडची_पमा

तुमचं प्रेम कळतं पण सगळं खापर ओ'मॅलीवर फोडणं मला पटत नाही. १९५० नंतर गर्दी झपाट्याने ओसरत होती. टीव्ही आला, लोक घरात बसून मेजरच्या मॅच बघायला लागले, उपनगरं वाढली. ओकलंड ओक्स तर त्याच्याही आधी, १९५५ चा सिझन संपल्यावर व्हँकुव्हरला निघून गेले. एमरीव्हिलमधलं त्यांचं लाकडी मैदान मोडकळीला आलेलं होतं, माणसं येईनात. ज्या टीमने १९४८ मध्ये मॅनेजर केसी स्टेंगेलच्या हाताखाली म्हाताऱ्या खेळाडूंना घेऊन विजेतेपद मिळवलं आणि ज्या स्टेंगेलला यांकीजनी लगेच उचलून नेलं (आणि त्याने तिथे पाच वर्षांत पाच वर्ल्ड सिरीज जिंकल्या), ती टीम सात वर्षांत गाव सोडून जाते, याला न्यूयॉर्कचे मालक कसे जबाबदार? शिवाय जेट विमानं आली. आज ना उद्या मेजर इकडे येणारच होतं.

आणि आमच्या पोर्टलंडकडे बघा ना. बीव्हर्स तर १९०६, १०, ११, १३, १४ असे विजेते. आम्हाला मेजर मिळालंच नाही आजतागायत.

सॅक्रामेंटोकर

@पमा, टीव्हीचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मांडायलाच हवा होता. पण बघा, टीव्हीवर मेजरच्या मॅच दाखवायला परवानगी कुणी दिली? मेजरच्याच मालकांनी, मायनरच्या गावांतही. आपल्या गिऱ्हाइकाला त्याच्या घरात जाऊन फुकट माल द्यायचा आणि मग म्हणायचं याचं दुकान चालत नाही. माझं म्हणणं एवढंच की मेजर पश्चिमेला येणं अटळ होतं, पण ते आठ टीमांची लीग वर उचलूनही येऊ शकलं असतं, ते आलं दोन सर्वांत मोठी शहरं कापून नेऊन. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को गेल्यावर पोर्टलंड आणि सॅक्रामेंटोने कुणाशी खेळायचं? तुमच्या पोर्टलंडला मेजर मिळालं नाही त्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

आणि १९५६ मध्येसुद्धा एलएमध्ये जान होती बरं का. एंजल्सच्या स्टीव्ह बिल्कोने त्या वर्षी ५५ होमरन मारले, पुढच्या वर्षी ५६. टीव्हीवरच्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेतल्या सार्जंटचं आडनाव त्याच्यावरूनच घेतलेलं.

निळी_शाई

दोघांचंही पटतंय. पण लेफ्टी ओ'डूल राहिला की! १९३५ ते १९५१ सील्सचा मॅनेजर, पक्का सॅन फ्रान्सिस्कोचा. ऑक्टोबर १९४९ मध्ये सील्सना घेऊन जपानला गेला, युद्ध संपून चार वर्षं झालेली, देश बेचिराख, अमेरिकन लष्कराचा अंमल. स्टेडियमं भरभरून वाहिली. टोकियोत दोन्ही देशांचे झेंडे एकत्र फडकले आणि दोन्ही राष्ट्रगीतं वाजली, लोक रडत होते म्हणतात. हे काम एका मायनर लीगच्या टीमने केलं. ओ'डूल जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये आहे, अमेरिकेच्या नाही.

रानजाई

हे माहीतच नव्हतं. आता ही लीग आहे का बंद पडली? सॅक्रामेंटोकर, तुम्ही तिकडेच ना?

सॅक्रामेंटोकर

आहे की! १९५८ पासून ती सरळ ट्रिपल-ए झाली, मेजरच्या टीमांची अगदी खालची पायरी नाही पण नर्सरीच. मग ती कुठे कुठे फिरली, हवाई आयलंडर्स तर १९६१ ते १९८७ होनोलुलूला, मॅचसाठी समुद्र ओलांडावा लागायचा. १९९८ ला मधल्या राज्यांच्या टीमा मिसळून १६ केल्या, त्यात नॅशव्हिल आणि मेम्फिससुद्धा, पॅसिफिक कुठे आणि टेनेसी कुठे. २०२१ च्या फेररचनेत नावच काढून 'ट्रिपल-ए वेस्ट' असं ठेवलं होतं, २०२२ ला जुनं नाव परत आलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. आता १० टीमा आहेत, त्यातल्या पॅसिफिकला लागून असलेल्या राज्यांतल्या दोनच, टॅकोमा आणि सॅक्रामेंटो. टेक्ससमध्ये तीन.

आमचे रिव्हर कॅट्स २००० पासून नदीपलीकडे वेस्ट सॅक्रामेंटोत खेळतात. २०२४ मध्ये ओकलंडचे ए'ज (अॅथलेटिक्स, मेजरची टीम) शहर सोडून गेले आणि लास व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत २०२५ पासून आमच्याच मैदानात मेजरच्या मॅच खेळतायत. सॅक्रामेंटो १९०३ च्या सहा टीमांमधलं एक गाव, आणि त्याला मेजर बघायला मिळतंय ते भाडेकरूचं. ओकलंडच्या लोकांनी मात्र हात टेकले नाहीत, २०२४ मध्येच बॉलर्स नावाची स्वतंत्र टीम काढली, पायोनियर लीगमध्ये, सामान्य चाहत्यांना शेअर विकून, आणि २०२५ ला ते विजेतेही झाले.

पोर्टलंडची_पमा

बॉलर्सचं ऐकून छान वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात बहिणीकडे सॅक्रामेंटोला येणार आहे, पोरं बरोबर. रिव्हर कॅट्सची मॅच बघायची तर कधी यावं?

सॅक्रामेंटोकर

या या! ट्रिपल-एमध्ये आता परत आठवडाभराची सिरीज असते, मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सहा मॅच आणि सोमवार प्रवासाला, म्हणजे जवळपास जुनंच वेळापत्रक. फक्त रिव्हर कॅट्स घरी आहेत का ते आधी बघा, कारण त्या मैदानात ए'जचेही दिवस असतात. टॅकोमा आलेले असतील तो आठवडा पकडा, ते तुमच्या बाजूचे. उजव्या फील्डच्या मागे हिरवळ आहे, तिथलं तिकीट काढा, पोरांना चादर टाकून लोळता येतं, आणि जुलैत दुपारची मॅच अजिबात घेऊ नका, इथलं ऊन नागपूरची आठवण करून देतं, संध्याकाळचीच घ्या. तारीख ठरली की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.